एकटा सर्जेराव आणि समोर गॉब्लिन: एका खेळाडूच्या मोहिमेसाठी चकमकी बसवताना

1 जून 2025, रविवार

बाबांना टेबलावर पाच-सहा जणांच्या गोंगाटात बसायचं नाही, पण खेळायचं मात्र आहे. त्यामुळे एक डीएम (डन्जन मास्टर, गोष्ट आणि राक्षस चालवणारी, म्हणजे मी) आणि एकच खेळाडू (बाबा). खेळ म्हणजे फासे टाकत गोष्ट खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. हा खेळ मुळात तीन ते पाच जणांच्या टोळीसाठी लिहिलेला आहे, एकट्यासाठी लढाया कशा बसवायच्या ते पुस्तकात जेमतेम आहे. म्हणून या नोंदी. घरात आई, नवरा, भाऊ असा एकच गिऱ्हाईक असलेल्या डीएमना उपयोगी पडतील.

खर्च फारसा नाही. फाशांचा एक जादा संच घेतला, ग्राफ पेपर होता, आकृत्यांऐवजी कॅरमच्या सोंगट्या. राक्षसांचे आकडे फुकटात मिळतात, कारण मूळ नियमांचा संक्षेप जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे.

कॅरेक्टर: माणूस, फायटर (लढवय्या), लेव्हल 1. नाव सर्जेराव. मी दोन-तीन 'फॅन्टसी' नावं सुचवली, ती बाबांनी ऐकूनही घेतली नाहीत. अंगात साखळी चिलखत आणि हातात ढाल, म्हणजे एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 18. एचपी (किती मार सोसेल तो आकडा) 12. तलवारीला +5 (डी20 म्हणजे वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे), नुकसान 1डी8+5 (आठ बाजूंचा एक फासा अधिक 5). बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सगळं रजिस्टरला उतरवायची सवय अजून गेलेली नाही. कॅरेक्टर शीटशेजारी त्यांनी स्वतःची वही उघडून ठेवली आहे. त्या वहीचा मला पुढे त्रास होणार हे तेव्हाच कळायला हवं होतं.

8 जून

चौघांच्या टोळीसाठी मी पूर्वी लिहिलेली एक मोहीम काढली. पहिलीच लढाई, रस्त्यावर दबा धरून बसलेले चार गॉब्लिन (बुटके राक्षस). चारला चारने भागलं, एक गॉब्लिन ठेवला.

सर्जेरावाचा पहिला घाव, गॉब्लिन आडवा. बाबा म्हणाले, "एवढंच?"

मग त्याच बैठकीत गुहेच्या तोंडाशी तीन ठेवले. तिसऱ्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी, म्हणजे टर्न, झाली की एक राउंड) सर्जेरावाचे 2 एचपी उरले होते आणि पुढचा बाण लागला. डीएमच्या पडद्याआड टाकलेल्या फाशात नुकसान 6 आलं होतं, मी 1 सांगितलं. बाबांनी वही बघितली. "मघापासून ह्यांचा एकही फटका तीनच्या खाली आलेला नाही. आता एक कसा आला?" गॉब्लिनचं नुकसान 1डी6+2. तीनच्या खाली येऊच शकत नाही. पुढे म्हणाले, "मेला तर मेला. पण उगाच वाचवू नकोस, मजा जाते."

त्यामुळे आजपासून पडदा बंद. सगळे फासे उघड्यावर. ह्याचा अर्थ चकमक आधीच नीट बसवली पाहिजे. खेळ सुरू झाल्यावर मला काहीही दुरुस्त करता येणार नाही.

11 जून, बुधवार

रात्री बसून हिशोब केला. थिअरी टाळते, पण हे चार आकडे नसतील तर पुढचं काही समजणार नाही.

गॉब्लिनला +4. एसी 18 ला लागायला 14 किंवा वर हवेत, म्हणजे 35 टक्के. सरासरी नुकसान साडेपाच. क्रिट (डी20 वर 20 आले की नुकसानाचे फासे दुप्पट) धरून एका गॉब्लिनमागे एका राउंडला साधारण 2 एचपी जातात. सर्जेरावाला गॉब्लिनचा एसी 15 गाठायला 10 हवेत, 55 टक्के. लागला तर आठातून सात वेळा गॉब्लिन मरतोच. म्हणजे एक गॉब्लिन मारायला ढोबळमानाने दोन राउंड.

आता एक गॉब्लिन असेल तर तो दोन राउंड मारतो: सुमारे 4 एचपी. दोघे असतील तर पहिले दोन राउंड दोघेही मारतात आणि पुढचे दोन राउंड एक जण: 8 आणि 4, म्हणजे 12. तिघे असतील तर 12, 8 आणि 4, सगळे मिळून 24-25.

एकाला 4, दोघांना 12, तिघांना 25. गॉब्लिन तिप्पट केले की नुकसान सहापट. टोळीत हे जाणवत नाही, कारण चौघे मिळून पहिल्याच राउंडला दोन-तीन गॉब्लिन लोळवतात आणि समोरची गर्दी ओसरते. एकट्यासमोर ती ओसरत नाही. आणि सर्जेरावाकडे आहेत 12 एचपी, शिवाय लढाईत एकदा दम घेऊन मिळणारे सरासरी साडेसहा. तीन गॉब्लिनसमोर तो पडणारच होता.

पडला की काय होतं, तेही बघितलं. शून्यावर गेलेलं कॅरेक्टर दर टर्नला डी20 टाकतं, तीन यश आधी आले तर वाचतं. कुणी हात लावला नाही तर वाचण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास. पण एकट्याला उचलायला कुणी नाही, आणि शेजारी उभ्या शत्रूने एक फटका दिला की दोन अपयशं एकदम. टोळीत शून्य एचपी म्हणजे एखादा टर्न वाया. इथे शून्य म्हणजे संपलं.

15 जून

पुस्तकातला तक्ता काय म्हणतो? लेव्हल 1 च्या एका कॅरेक्टरसाठी सोपी चकमक 25 एक्सपी (अनुभवाचे गुण), मध्यम 50, कठीण 75, प्राणघातक 100. गॉब्लिन 50 एक्सपीचा. 2014 च्या नियमात शत्रूंच्या संख्येप्रमाणे गुणक लावतात, आणि टोळी तिघांहून लहान असेल तर एक पायरी वरचा गुणक. म्हणून एक गॉब्लिन दीडपट होऊन 75, कठीण. दोन गॉब्लिन 100 चे दुप्पट 200, म्हणजे प्राणघातकच्याही दुप्पट. तीन म्हणजे 150 ला अडीच, 375.

माझ्या हिशोबाशी तक्ता बऱ्यापैकी जुळतो, जरा जास्तच घाबरवतो इतकंच. ज्यांच्याकडे 2024 चं नवं पुस्तक आहे त्यांनी मात्र इथे जपून: त्यात गुणकच काढून टाकले आहेत. तिथे लेव्हल 1 ची वरची मर्यादा 100, त्यामुळे दोन 50 एक्सपीवाले बजेटमध्ये अलगद बसतात. टोळीला ठीक आहे, एकट्याला नाही. एकट्यासाठी मी जुनाच गुणक लावणार.

पण फक्त तक्ता पाळला तर लेव्हल 1 भर एकेक गॉब्लिन मारत बसावं लागेल. म्हणून आज दोन गोष्टी करून बघितल्या.

पहिली, शत्रू एकदम न आणता एकामागून एक. तीन गॉब्लिन, पण पहिला पहाऱ्यावर, दुसरा आवाज ऐकून दोन राउंडांनी, तिसरा त्याच्यानंतर दोन राउंडांनी. कागदावर नुकसान 4, 4, 4 म्हणजे 12. पंचवीसचे बारा! गॉब्लिन तेवढेच, आकडे तेच, फक्त वेळ बदलली. प्रत्यक्षात सर्जेराव 5 एचपीवर उरला आणि बाबांना घाम फुटला होता. ही युक्ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची. नकाशा काढताना मी आता शत्रू कुठे उभे आहेत याआधी कोण किती राउंडांनी पोचतो ते लिहिते.

दुसरी, हिंमत. 1981 च्या बेसिक नियमात प्रत्येक राक्षसाला एक हिंमतीचा आकडा असायचा. गॉब्लिनचा 7, कोबोल्डचा 6, ओगरचा 10, सांगाडे 12 म्हणजे कधीच पळत नाहीत. पहिला साथीदार मेला की, आणि मग निम्मे पडले की, दोन डी6 टाकायचे. आकड्याच्या वर आले की पळ. गॉब्लिन पळण्याची शक्यता दर वेळी 42 टक्के निघते. तिघे एकदम आले तरी नुकसान पंचविसावरून एकोणिसाच्या आसपास येतं. पाचव्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक आहे आणि बहुतेक टेबलांवर कुणी वापरत नाही. एकट्यासाठी तो सक्तीचा मानावा असं माझं मत.

एक तोटा: पळालेले गॉब्लिन परत येतात. बाबांनी वहीत 'फरारी' असं पान केलं आहे.

22 जून

आज लढाई झालीच नाही.

दोन गॉब्लिन, पुलावर. मी सोंगट्या मांडल्या, इनिशिएटिव्हचे (आधी कोणाची पाळी ते ठरवणारे) फासे हातात. बाबा म्हणाले, "थांब. ते दोघं, मी एकटा. मी कशाला लढू? काय हवंय ते विचारतो त्यांना."

माझ्या तयारीत ह्याचं उत्तर नव्हतं. जुन्या नियमांतल्या रिॲक्शनच्या फाशाचा आधार घेतला. दोन डी6 टाकायचे: 2 म्हणजे थेट हल्ला, 3 ते 5 वैर, 6 ते 8 संभ्रम, 9 ते 11 हल्ला नाही, 12 म्हणजे दोस्ती. आले 10. मग पंधरा-वीस मिनिटं वाटाघाटी. एका गॉब्लिनला सरदाराकडून मार मिळतो हे बाबांनी काढून घेतलं आणि त्याला नोकरीची ऑफर दिली! पगार विचारला. पुस्तकात बिनकसबी मजुराचा दर दिवसाला दोन चांदीची नाणी. बाबांनी एकावर सौदा सुरू केला, शेवटी दोनावर तुटला, जेवण सर्जेरावाचं.

गॉब्लिनचं नाव बारक्या.

माझी दोन तासांची तयारी वाया गेली असं वाटलं, पण नीट बघितलं तर खेळाडू बरोबर होता. टोळीतला खेळाडू लढाईकडे धावतो कारण मागे तिघे आहेत. एकटा खेळाडू शहाणा असेल तर टाळणार. म्हणून इथून पुढे प्रत्येक चकमकीच्या कार्डावर शत्रूच्या आकड्यांआधी दोन ओळी: 'ह्यांना काय हवंय' आणि 'सर्जेराव हरला तर काय'. पुलावरच्या दुसऱ्या गॉब्लिनसाठी दुसरी ओळ अशी झाली: चिलखत काढून घेतात, नदीत ढकलतात, जीव जात नाही. मृत्यू सोडून दुसरं काहीच सुचत नसेल तर ती चकमक मी कापते.

29 जून

बारक्याला नियमात बसवलं. साइडकिकचे (साथीदाराचे) नियम 2019 च्या इसेन्शियल्स किटमध्ये आले, तिथे एकास एक खेळण्याची सोयच त्यांच्यावर उभी आहे, आणि 2020 च्या टाशाच्या पुस्तकात ('टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग') ते विस्ताराने आहेत. तीन प्रकार: वॉरियर, एक्स्पर्ट, स्पेलकास्टर. मूळ प्राणी चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) अर्ध्यापर्यंतचा चालतो. गॉब्लिन पाव, म्हणजे बसतो.

एक्स्पर्ट केला. कारण एक्स्पर्टला बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली छोटी जादा कृती) मदत करता येते आणि सर्जेरावाचा पुढचा वार ॲडव्हांटेजने (दोन डी20 टाकून मोठा घ्यायचा) पडतो. 55 टक्क्यांचे 80 टक्के होतात. एक गॉब्लिन मारायला दोनऐवजी दीडहून कमी राउंड लागतात. वॉरियर केला असता तर नुकसान वाढलं असतं, पण मग बारक्या मारतोय आणि सर्जेराव बघतोय असं झालं असतं. साथीदाराने नायकाचा वार धारदार करावा, स्वतः नायक होऊ नये.

शिवाय एक छान अडचण फुकटात मिळाली. गॉब्लिनला पळून लपण्याची जी मुभा आहे तीही बोनस ॲक्शनच. टर्नला एकच. म्हणजे बारक्याने मदत करायची की लपायचं, दर राउंडला निवड. आणि मदत करायला शत्रूच्या पाच फुटांत यावं लागतं. बारक्याचे एचपी बघता हा खरा धोका आहे. बाबा दर वेळी वहीवर पेन्सिल आपटत विचार करतात.

सुरुवातीला बारक्या मी चालवत होते. तो राउंड कसा गेला: माझा गॉब्लिन माझ्या लांडग्याला चुकवतोय, माझा लांडगा माझ्या गॉब्लिनला चावतोय, बाबा चहा पिताहेत. मधेच थांबवून बारक्याची शीट त्यांच्याकडे सरकवली. बोलणं माझं, फासे त्यांचे. असंच ठेवायचं.

6 जुलै, आषाढी एकादशी

खिचडी खाऊन बसलो. सर्जेराव आता लेव्हल 3, चॅम्पियन (फायटरचा एक प्रकार), 28 एचपी. पडक्या देवळाखालचं तळघर, एक घूल (प्रेतं खाणारा राक्षस). बारक्या आत यायला तयार नाही (हे बाबांनीच ठरवलं, "त्याला कशाला मारायचं").

तक्त्याप्रमाणे घूल 200 एक्सपी, दीडपट 300. लेव्हल 3 ला कठीण 225 आणि प्राणघातक 400. म्हणजे 'कठीण', चालेल. माझ्या राउंडांच्या हिशोबातही चालत होतं.

घुलाचा पंजा लागला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर डी20 टाकून बचाव), 10 ची. हुकली तर एक मिनिटापर्यंत लुळं. सर्जेरावाला +4, म्हणजे फक्त 1 ते 5 आले तरच हुकणार. दुसऱ्याच राउंडला 3 आले.

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. लुळ्या माणसावर हल्ला ॲडव्हांटेजने, आणि जवळून लागलेला प्रत्येक फटका क्रिट. पंजाचं नुकसान सरासरी 7 चं 12 होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे बाबांचा टर्न येतो आणि ते फक्त सेव्ह टाकतात. हुकली. पुन्हा माझा टर्न. पुन्हा ते सेव्ह टाकतात. हुकली. टोळीत एक जण लुळा पडला तर बाकीचे तिघे खेळतात, त्यातून सुटकेचं नाट्य तयार होतं. इथे एक जण लुळा पडला की खेळच थांबतो आणि मी एकटी फासे टाकत बसते. बाबा तिसऱ्या वेळी सुटले, 6 एचपीवर, घूल मारला, आणि म्हणाले, "ह्यात मी काय केलं?"

तक्ता नुकसान मोजतो. टर्न गेल्याचं मोजत नाही.

आकडा काढला: दर पंज्याला लुळं पडण्याची शक्यता 9 टक्क्यांच्या आसपास. चार राउंडांच्या लढाईत जवळपास तीस टक्के. एल्फ कॅरेक्टर असेल तर घुलाच्या पंजाने लुळं पडतच नाही, तो एक मार्ग आहे, पण सर्जेराव आता एल्फ व्हायचा नाही.

9 जुलै

टर्न काढून घेणारं सगळं एका यादीत टाकलं: लुळं पाडणं, बधिर करणं, झोपवणं, दगड करणं, मोहिनी घालणं. ही यादी एकट्यासाठी जशीच्या तशी वापरायची नाही. पण ते राक्षसच काढून टाकले तर सगळीकडे डाकू आणि लांडगेच उरतात.

घुलासाठी पायऱ्या केल्या. पहिली सेव्ह हुकली की डावा हात बधिर, ढालीचा फायदा गेला, एसी 16. दुसरी हुकली की पाय, हालचाल बंद पण वार करता येतो. तिसरी हुकली तरच पूर्ण लुळं. प्रत्येक टर्नच्या शेवटी सेव्ह जमली तर एक पायरी मागे. भीती तीच राहते, पण मधल्या वेळात खेळाडूला काहीतरी ठरवता येतं: पळू का, दारात उभा राहू का, बारक्याला हाक मारू का.

मोहिनीसाठीही असंच. हार्पीच्या गाण्याने ओढला जाणारा सर्जेराव टर्न गमावत नाही, गाण्याच्या दिशेने न जाणारं प्रत्येक पाऊल दुप्पट महाग पडतं. हे अजून टेबलावर तपासलेलं नाही.

13 जुलै

पायऱ्या वापरून घूल पुन्हा आणला. हात बधिर झाल्यावर बाबांनी ढाल टाकली आणि तलवार दोन्ही हातांनी धरतो म्हणाले. डाव्या हातात जीव नाही हे आठवण करून द्यावं लागलं. मग मागे सरकून दारात उभे राहिले. बारक्याने बाहेरून मशाल फेकली. जिंकले. एवढंच पुरे.

20 जुलै

वेगळा प्रयोग. केव्हिन क्रॉफर्ड यांची 'ब्लॅक स्ट्रीम्स: सोलो हीरोज' ही छोटी नियमावली फुकट मिळते. कल्पना अशी की टोळीसाठी लिहिलेली जुनी मोहीम काहीही न बदलता एकट्याने खेळायची. नुकसानाचे फासे वेगळे वाचायचे: 1 आला तर 0, 2 ते 5 म्हणजे 1, 6 ते 9 म्हणजे 2, 10 किंवा वर 4. नायकाचे एचपी जातात, राक्षसांचे मात्र हिट डाइस (ज्या फाशांनी एचपी ठरतात ते) जातात. शिवाय नायकाला दर राउंडला एक जादा फासा, जो आपल्या लेव्हलच्या किंवा खालच्या शत्रूंनाच लागतो.

जुन्या नियमांसाठी हे झकास असणार. पाचव्या आवृत्तीवर चढवलं तर फाटतं. सर्जेरावाचं नुकसान 1डी8+5, म्हणजे 6 ते 13. कमीत कमी 2 ठरलेलेच. गॉब्लिनला दोन हिट डाइस, लागला की मेलाच. सात हिट डाइसचा ओगर दोन ते चार फटक्यांत खलास. उलट गॉब्लिनच्या फटक्याने सर्जेरावाचा एक नाहीतर दोन एचपी जातो. आज त्याने अख्खी चौकी झाडून काढली. बाबांना पहिली पंधरा मिनिटं फार आवडलं, नंतर वही मिटली. बोलणी, लपणं, बारक्या, कशाचीच गरज उरली नाही.

पुढच्या बैठकीपासून बंद. जादा फासा मात्र एका ठिकाणी ठेवला आहे: उंदरांचा थवा, कोबोल्डांची गर्दी असलं काही आलं तर तेवढ्यापुरता डी8.

3 ऑगस्ट

ओगर. 59 एचपी, एसी 11, सोट्याला +6, सरासरी 13. गुणक धरून 675 एक्सपी, लेव्हल 3 च्या प्राणघातक मर्यादेच्या बऱ्याच वर. सरळ लढाईचा हिशोब: सर्जेराव राउंडला 7 देतो, ओगर राउंडला 6 देतो. ओगर मारायला आठ-नऊ राउंड, तोवर सर्जेराव पन्नासच्या आसपास खाणार. आहेत 28, दम घेऊन आणखी साडेआठ. हरणार.

म्हणून मुद्दामच ठेवला. जिंकता न येणारी लढाई एकट्यासमोर ठेवायची असेल तर एक अट: ती जिंकता येणार नाही हे फासे पडायच्या आधी दिसलं पाहिजे. घळीच्या तोंडाशी चेचलेली बैलगाडी ठेवली. बारक्या थरथरतोय. ओगर झोपेत आहे, घोरण्याचा आवाज लांबून येतो. ओगर अंधारात बघतो आणि सर्जेरावापेक्षा वेगाने धावतो, हेही बारक्याच्या तोंडून सांगितलं.

मी तीन वाटा लिहिल्या होत्या: लपून पलीकडे, वरून दगड ढकलणं, खायला देऊन वाट मागणं. बाबांनी चौथी काढली. डाकूंच्या चौकीतून दोन बकऱ्या चोरल्या आणि ओगरच्या गुहेपासून चौकीपर्यंत त्यांचा रक्ताचा माग काढला. ओगर उठला, मागावर गेला, थेट चौकीत. रिॲक्शनचा फासा टाकायचीही वेळ आली नाही.

बसस्टँडवर उभं राहून दुसऱ्याच्या गाड्या सोडण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस आहे, त्याने ओगरलाही मार्ग लावून दिला.

एक्सपीचा प्रश्न आला. मारला नाही, तर द्यायचे का? पूर्ण दिले. नाही दिले तर पुढच्या वेळी खेळाडू मारायलाच जाईल, आणि एकट्याला आपण तेच करू नको म्हणतोय.

17 ऑगस्ट

डाकूंचा सरदार, पहिल्या भागाचा शेवट. सर्जेराव लेव्हल 4, 36 एचपी, ताकद 18. बँडिट कॅप्टन: 65 एचपी, एसी 15, राउंडला तीन वार, +5.

तीन वार मिळून सर्जेरावाचे राउंडला 8 जातात. बारक्याच्या मदतीने सर्जेराव देतो साडेनऊ-दहा. 65 ला सात राउंड, तोवर 55 एचपी गेले. हातात दम धरून 45. ॲक्शन सर्जने (एकदा मिळणारी जादा कृती) एक राउंड वाचतो, तरी थोडक्यात हार.

आणि अजून एक गोष्ट तक्त्यात कुठेच दिसत नाही. कॅप्टनला पॅरी आहे, राउंडला एकदा एका वारापुरता एसी 2 ने वाढवतो. चौघांच्या टोळीत ती चार-पाच वारांतल्या एकाला नडते. सर्जेरावाचा राउंडला वारच एक, त्यामुळे त्याला ती प्रत्येक वेळी नडणार. एसी 15 चा नव्हे, कायम 17 चा शत्रू धरायचा. 'राउंडला एकदा' असं ज्या ताकदीपुढे लिहिलंय ती एकट्यासमोर चौपट जड होते, हे आता कार्डावर लाल पेनाने.

बदल: एचपी 65 वरून 45. फासे टाकून ठरवले तरी कॅप्टनचे एचपी एवढे कमी येऊ शकतात, म्हणून हे मला लबाडी वाटत नाही. पॅरी ठेवली, पण ती डाव्या हातातल्या खंजिराची. पॅरी केली तर त्या राउंडला खंजिराचा वार नाही. बाबांना हे दोन राउंडांत कळेल, आणि कळलं की त्याला पॅरी करायला भाग पाडण्यात त्यांना रस वाटेल. हिंमत 9, अर्धे एचपी गेले की एकदा टाकायची. हरला तर: कॅप्टन सर्जेरावाला मारत नाही, ओलीस ठेवतो, आणि बारक्याकडे खंडणीचा निरोप देतो. मग पुढची बैठक बारक्याची.

चार साथीदार डाकू आहेत. दोन ओगरने आधीच चेचले. उरलेले दोन तिसऱ्या आणि पाचव्या राउंडला पोचतात.

24 ऑगस्ट

पहिल्या राउंडला कॅप्टनचे दोन वार लागले, एक क्रिट. सर्जेराव 36 वरून 17. सगळे फासे उघड्यावर, मी काहीच करू शकत नव्हते.

बाबांनी दुसऱ्या राउंडला दम घेतला आणि बारक्याला पहिल्यांदाच पुढे काढला. पॅरीची गोम तिसऱ्या राउंडला लक्षात आली, वहीत रेघ मारली. तिसऱ्या राउंडचा डाकू आला तेव्हा सर्जेराव जिन्यात मागे सरकला होता, त्यामुळे दोघांपैकी एकच जण त्याच्यापर्यंत पोचू शकत होता. ते मी नकाशात ठरवून ठेवलेलं नव्हतं, जिना फक्त सजावटीला होता. चौथ्या राउंडला ॲक्शन सर्ज, कॅप्टन 18 वर आला. हिंमतीचा फासा: 10. नऊच्या वर. शस्त्र टाकलं.

बारक्या 1 एचपीवर. सर्जेराव 9 वर. पाचव्या राउंडचा डाकू आला, सरदाराचे हात वर बघितले आणि परत फिरला. त्याची नोंद 'फरारी' पानावर.

लढाईला तासाहून थोडा जास्त वेळ लागला. चौघांच्या टेबलावर एवढ्या वेळात दोन राउंड होतात, इथे पाच. एकट्याबरोबर खेळ अडीचपट वेगाने संपतो, त्यामुळे एका बैठकीला मला तीन चकमकी तयार लागतात, आणि त्यातली एक बहुतेक वेळा बोलण्यातच जाते. तयारीचा वेळ मात्र कमी झालेला नाही.

बुधवारपासून गणपती, आता पंधरवडाभर खेळ नाही. पुढच्या भागात लेव्हल 5: सर्जेरावाला राउंडला दोन वार मिळतील. गॉब्लिनमागे दोन राउंड हा माझा सगळ्या हिशोबाचा पाया मोडीत निघतो, आणि पॅरीवालेही पुन्हा अर्धे होतात. बारक्याच्या मदतीचा ॲडव्हांटेज मात्र दोनांतल्या पहिल्याच वाराला लागणार. हे सगळं नव्याने मांडायचं आहे. तोवर कॅप्टन कैदेत आहे, आणि बाबा त्याला किती पगारावर ठेवता येईल ते विचारताहेत. कसबी माणसाचा पुस्तकी दर दिवसाला दोन सोन्याची नाणी. सर्जेरावाकडे तेवढे नाहीत हे मी वहीत दाखवलं.